हरिहर गड: चढण्याआधी उतरायची तयारी

हरिहरच्या पायऱ्या चढताना डोळ्यांसमोर कातळ असतो. त्याच पायऱ्यांवर परतताना तोंड फिरवलं की समोर थेट दरी येते. पहिल्यांदा जाणाऱ्यांची गोची इथे होते. फोटो सगळे चढतानाचे पाहिलेले असतात, तयारीही चढण्याचीच केलेली असते, आणि गडमाथ्यावर पोहोचल्यावर लक्षात येतं की खाली जायला दुसरी सोपी वाट नाही. म्हणून या लेखात उतरण्याबद्दल जरा जास्त लिहिलं आहे.

हरिहर उर्फ हर्षगड नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकच्या डोंगररांगेत आहे. उंची सुमारे ११२० मीटर. १८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातले गड घेतले, तेव्हा अनेक गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. अलंग-मदनला तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी आज दोर लावावा लागतो, तो त्यामुळेच. हरिहरच्या पायऱ्या वाचल्या. म्हणून प्रस्तरारोहण न येणाऱ्यालाही हा गड करता येतो. येतो म्हणजे सहज येतो असं मात्र कुणी समजू नये.

१. वाट नेमकी कशी आहे ते समजून घ्या

दिवसभराच्या चालीचे पाच तुकडे पडतात.

पहिला तुकडा पायथा ते पायऱ्यांचा तळ. पायथ्याच्या निरगुडपाडा या गावाहून दीड ते दोन तास लागतात. आधी झाडी, मग सोंडेवरची मोकळी चढण, मध्येमध्ये मुरूम आणि घसारा, म्हणजे पायाखाली सरकणारी सैल माती-खडी. हर्षेवाडीहून हेच अंतर तासाभरात होतं, कारण ते गावच उंचावर आहे. दोन्हीकडून आलं तरी पायऱ्या त्याच.

दुसरा तुकडा पहिला जिना: अखंड कातळात खोदलेल्या शंभरावर पायऱ्या, रुंदी जेमतेम एक मीटर, चढ सुमारे ८० अंशांचा. पायरीच्या दोन्ही कडांना हात घालायला खोबण्या कोरल्या आहेत. हा जिना महादरवाजाशी संपतो.

तिसरा तुकडा दरवाजातून आत गेल्यावरची आडवी वाट. डोक्यावर कातळ झुकलेला, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. चौथा तुकडा दुसरा जिना. हा अधिक अरुंद आणि वळत जाणारा आहे. पाचवा म्हणजे गडमाथा, आणि त्यावरचं सर्वांत उंच टेकाड. या टेकाडावर जायला शेवटी छोटा रॉक पॅच, म्हणजे हातापायांनी चढायचा कातळाचा तुकडा आहे.

निरगुडपाड्याहून निघून परत यायला, गर्दी नसेल तर, पाच ते सहा तास धरा. रविवारी हा हिशेब कोलमडतो.

२. स्वतःची चाचणी आधी दुसऱ्या गडावर घ्या

दमसास आणि दृष्टिभय (उंचावरून खाली बघताना वाटणारी भीती) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज दहा किलोमीटर पळणारा माणूस उघड्या कड्यावर गोठून उभा राहतो, आणि पन्नाशीच्या काकू शांतपणे पुढे जातात, हे सह्याद्रीत नेहमीचं आहे. दृष्टिभय आहे की नाही हे घरी बसून कळत नाही. त्यासाठी कळसूबाईच्या किंवा रतनगडाच्या लोखंडी शिड्या चढून-उतरून पाहा, नाहीतर राजगडच्या बालेकिल्ल्याची वाट करा. तिथे उतरताना हात घामेजून कठड्याला चिकटत असतील, पाय उचलवत नसेल, तर हरिहर आणखी चार-सहा गड झाल्यावर करा.

शरीराची तयारी सहा आठवड्यांची पुरते. आठवड्यातून तीन दिवस इमारतीचा जिना घ्या. पहिले दोन आठवडे दहा मजले तीन वेळा, रिकाम्या पाठीने. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाठीवर चार किलोची बॅग. लिफ्टने खाली येऊ नका, मांड्यांची खरी कसोटी उतरण्यातच असते. जोडीला एका पायरीच्या कडेवर उभं राहून एक पाय अगदी सावकाश खाली टेकवायचा आणि परत वर घ्यायचा, प्रत्येक पायाला बारा वेळा, असे तीन फेरे. उतरताना पाय लटपटण्याचं निम्मं कारण भीती असतं, उरलेलं निम्मं म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंना सावकाश भार सोडायची सवय नसणं. पाचव्या आठवड्यात एक पूर्ण दिवसाचा गड करा आणि शेवटच्या आठवड्यात व्यायाम निम्मा करा.

घरात साधी शिडी असेल तर ती भिंतीला लावून, कुणाला तरी ती धरायला सांगून, शिडीकडे तोंड करून खाली यायचा सराव करा. पाय न बघता पुढचा टप्पा चाचपायला शिकणं, हेच हरिहरवर लागतं.

३. महिना, वार आणि वेळ

ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चपासून कातळ तापतो. पायऱ्यांवर आणि माथ्यावर सावली जवळजवळ नाहीच, त्यामुळे जायचंच असेल तर पहाटे पाचला निघावं.

पावसाळ्यात पहिल्यांदा जाऊ नका. ढगांतून वर जाणाऱ्या पायऱ्या दिसतात सुंदर, पण त्यांवर शेवाळ धरतं आणि जोराच्या सरीत जिन्यावरून पाणी वाहतं. त्यात सुट्टीच्या दिवशीची गर्दी म्हणजे निसरड्या पायरीवर थांबून राहणं. चालत्या माणसापेक्षा ताटकळत उभा असलेला माणूस जास्त घसरतो, कारण एकाच पायावर भार धरून पोटऱ्या आखडतात. शिवाय गर्दीच्या किंवा पावसाच्या दिवसांत वनविभाग आणि प्रशासन गडावर निर्बंध घालतं. निघण्याच्या दोन दिवस आधी गावात फोन करून विचारून घ्या.

परतीच्या पावसात दुपारनंतर विजा होतात. माथा उघडा आहे, तेव्हा आभाळ काळवंडायला लागलं की वर वेळ न घालवता उतरायला लागा.

शनिवार-रविवार टाळता आला तर निम्मी चिंता मिटते. मीटरभर रुंदीच्या जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की दोघांपैकी एकाला कडेला सरकावं लागतं, आणि कडेलाच दरी आहे. वार बदलता येत नसेल तर घड्याळ बदला. सकाळी आठच्या आत पायऱ्यांच्या तळाशी पोहोचा आणि साडेअकराच्या आत पहिला जिना उतरून खाली या. मोठ्या बसमधून आलेले जथे साधारण दहा-अकराला जिन्यावर असतात.

मुंबई-पुण्याहून रात्री अकराला निघायचं, गाडीत मान वाकडी करून दोन तास झोपायचं आणि पहाटे चढायला लागायचं, ही पद्धत या गडाला चालत नाही. आदल्या संध्याकाळी त्र्यंबकेश्वरला किंवा पायथ्याच्या गावात मुक्काम करा. गावात आधी सांगितलं तर जेवणाची आणि झोपायची सोय घरगुती होते. नाशिकहून त्र्यंबकेश्वर सुमारे २८ किलोमीटर आहे, तिथून पुढे हर्षेवाडी किंवा निरगुडपाड्याला गाडीने जाता येतं. मुंबईकडून कसाऱ्याला उतरून खोडाळामार्गे जीपने येणारे बरेच असतात. परतीची जीप मात्र आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

४. कुणाबरोबर जायचं

सहा ते आठ जणांचा गट बरा. त्यात निदान दोघे आधी हरिहर केलेले हवेत: एक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे. पैसे भरून एखाद्या ग्रुपबरोबर जाणार असाल तर नोंदणीआधी विचारा: एकूण किती माणसं? किती जणांमागे एक लीडर? लीडरने गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला आहे का? दोर आणि प्रथमोपचार पेटी सोबत असते का? पायऱ्यांशी किती वाजता पोहोचणार? दहा जणांमागे एक लीडर नसेल किंवा उत्तरं गुळमुळीत आली, तर पैसे भरू नका.

गावातला वाटाड्या घेतला तर वाट चुकण्याचा प्रश्न उरत नाही. शिवाय काही घडलं तर गावातली चार माणसं वर येण्यासाठी त्याची एक हाक पुरते.

५. सामान आणि कागदपत्रं

बॅग २० ते २५ लिटरची, छातीचा आणि कमरेचा पट्टा असलेली. भरलेलं वजन सहा किलोच्या आत ठेवा.

- बूट: खाचा शाबूत असलेला रबरी सोल. गुळगुळीत झालेले स्पोर्ट शूज नकोत.
- पाणी: हिवाळ्यात ३ लिटर, उन्हाळ्यात ४.
- खाणं: दशम्या किंवा थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, दोन लिंबं.
- ओआरएसच्या दोन पुड्या (एक पुडी एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही).
- हेडटॉर्च आणि जादा सेल, शिट्टी, टोपी, पातळ जॅकेट.
- प्रथमोपचार: क्रेप बँडेज, जंतुनाशक, गॉज, चिकटपट्टी, स्वतःची रोजची औषधं.
- हेल्मेट असेल तर जरूर. वरच्याच्या पायाखालून खडा सुटला तर तो थेट खालच्याच्या डोक्यावर येतो.
- आधार कार्डाची प्रत आणि एका कागदावर नाव, रक्तगट, औषधांची अॅलर्जी, घरचा नंबर. हा कागद बॅगेच्या वरच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

बुटांबद्दल थोडं अधिक. तीन-चार वर्षं कपाटात पडून राहिलेला बूट दिसायला नवा असतो, पण सोल आणि वरचा भाग यांमधला फोमचा थर आतून कुजलेला असतो. असा बूट चढताना तग धरतो आणि उतरताना सोल जबड्यासारखा उघडतो. निघण्याच्या आठवडाभर आधी बूट दोन्ही हातांनी वाकवा, चवड्याकडून सोल ओढून पाहा. फट दिसली किंवा भुगा पडला तर तो बूट बाद. कोरा करकरीत बूटही नको, आधी निदान तीस-चाळीस किलोमीटर वापरलेला असू द्या.

बॅगेबाहेर काहीही लोंबकळत ठेवू नका. बाजूच्या जाळीतली पाण्याची बाटली ही हरिहरवरची नेहमीची पडणारी वस्तू आहे आणि भरलेली बाटली वजनाने किलोभर असते. काठी पायऱ्यांच्या तळाशी दुमडून बॅगेत घाला. मोबाइल चेन असलेल्या खिशात ठेवा. माथ्यावर आणि जिन्याजवळ माकडं असतात, म्हणून खाण्याची पिशवी हातात धरून चढू नका. माकडाने झडप घातली की माणूस नकळत हात सोडतो.

दोर घ्यावा का? बांधता येत असेल आणि वापरणारा शिकलेला असेल तरच. दुकानातून आणलेला नायलॉनचा दोर वर कुठेतरी बांधून खाली सोडला की सगळे त्याला लोंबकळतात, खोबण्या सोडतात, आणि दोर सरकला की एकाऐवजी चार जण जातात. गटात शिकलेला माणूस असेल तर ३० मीटरचा गिर्यारोहणाचा दोर, दोन स्लिंग (शिवलेल्या पट्ट्यांचे फास), स्क्रू कॅरॅबिनर (फिरकीने बंद होणारी धातूची कडी) आणि एक हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) एवढं त्याच्याकडे असू द्या. ते घाबरलेल्या एखाद्याला सांभाळून उतरवायला उपयोगी पडतं. वाटेत आधी कुणी बांधून ठेवलेला दोर किंवा तार दिसली तर तिच्यावर भार टाकू नका.

६. पहिला जिना चढताना

तळाशी दहा मिनिटं थांबा. पाणी प्या, नाड्या पक्क्या करा, बॅगेचे पट्टे आवळा. ज्याला इथूनच नको वाटतंय त्याला इथेच थांबू द्या, त्याची समजूत काढू नका. आग्रहाने वर नेलेला माणूस उतरताना सगळ्या गटाचा प्रश्न होतो.

दोन माणसांत पाच-सहा पायऱ्यांचं अंतर ठेवा. हात-पाय मिळून चारांपैकी तीन नेहमी टेकलेले हवेत, एका वेळी एकच हलवायचा. खोबणीत हात घालण्याआधी आत नजर टाका, मग बोटांनी तळाची माती पुसून घ्या. त्या बारीक मातीवरच पकड सुटते. शेकडो वर्षांच्या वापराने पायऱ्या मध्यभागी झिजून खोलगट झाल्या आहेत, तेव्हा पाऊल सपाट भागावर, शक्यतो पूर्ण टेकवा.

घाबरलेला माणूस कातळाला मिठी मारतो. सगळ्यात जास्त घसरायला याच पवित्र्यात होतं, कारण छाती पुढे झुकली की पावलावरचा उभा भार कमी होतो आणि टाच मागे सरकू लागते. कातळापासून वीतभर अंतर ठेवून ताठ राहा. भार पायांवर, हात फक्त तोल धरायला.

मध्येच फोटोसाठी थांबू नका, महादरवाजाशी थांबायला जागा आहे.

७. आडवी वाट

या टप्प्यात चढ नाही, म्हणून लोक बेफिकीर होतात. डोक्यावरचा कातळ इतका खाली आलेला आहे की वाकून चालावं लागतं. पाठीवर फुगलेली बॅग असेल तर ती वरच्या कातळाला घासते, अडकते, आणि सोडवायला झटका दिला की माणूस दरीच्या बाजूला ढकलला जातो. म्हणून दरवाजातच बॅग उतरवून पट्टे ढिले करा, जेणेकरून ती पाठीवर खाली, कमरेच्या पातळीला बसेल. फार मोठी असेल तर छातीवर घ्या. आतल्या भिंतीवर हात ठेवून, पावलं भिंतीलगत टाकत चला. समोरून कुणी येत असेल तर दरवाजातच थांबा, मध्ये ओलांडाओलांडी करू नका.

८. दुसरा जिना

इथे वळणामुळे वरचा माणूस खालच्याला दिसत नाही. एकेकाने जायचं. वर पोहोचलेल्याने ‘ये’ म्हणून हाक दिली की पुढच्याने निघायचं. वरून येणारे आहेत का, हे निघण्याआधी ओरडून विचारा. उतरणाऱ्यांना आधी येऊ द्या.

९. माथ्यावर

मारुतीचं आणि महादेवाचं ठाणं, तळं, दोन खोल्यांची दगडी कोठी पाहा. कोठीचं दार खिडकीएवढं आहे, आत जाताना डोकं सांभाळा. हवा स्वच्छ असेल तर ब्रह्मगिरी, अंजनेरी, शेजारचा भास्करगड आणि वैतरणेचं पाणी दिसतं. तळ्याचं पाणी गाळून, निर्जंतुक केल्याशिवाय पिऊ नका. सर्वांत उंच टेकाडाचा रॉक पॅच हात टेकून चढावा लागतो. उतरायची खात्री नसेल तर तो सोडा, गड पाहायचा राहत नाही.

कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ असू शकतं. धूर, फटाके, अत्तर, मोठ्याने गाणी यांतलं काहीही नको.

उतरायची वेळ चढण्याआधीच ठरवा आणि माथा पूर्ण पाहून झाला नसला तरी ती पाळा. उतरण्याच्या अर्धा तास आधी खा, लगेच नाही.

१०. उतरताना

दोन्ही जिने कातळाकडे तोंड करून, शिडी उतरतो तसे उतरा. दरीकडे तोंड करून उतरणारे पुष्कळ दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका. तसं उतरताना बॅगेचा तळ मागच्या पायरीला टेकतो आणि बॅग तुम्हाला पुढे ढकलते. शिवाय हात पाठीमागच्या खोबणीत पोहोचत नाहीत.

क्रम असा: दोन्ही हात खोबण्यांत. एक पाय सरळ खाली सोडा, बुटाच्या टोकाने पायरीची कड चाचपा, मग पाऊल आत सरकवा आणि भार टाकून बघा. दुसरा पाय त्याच पायरीवर आणा. त्यानंतरच एक हात खालच्या खोबणीत, मग दुसरा. नजर दोन पायांच्या मधून पुढच्या पायरीवर, त्यापलीकडे नाही. शंभरावर पायऱ्या अशा उतरायला वेळ लागतो. मागचे घाई करत असतील तर करू देत.

गटातला अनुभवी माणूस उतरताना सर्वांत खाली असावा, त्याच्या वर लगेच सर्वांत घाबरलेला. पाय शिवणयंत्रासारखे थडथडायला लागले तर चवड्यावरचा भार टाचेवर घ्या, पूर्ण पाऊल टेकवा, गुडघा सरळ करा आणि लांब उच्छ्वास सोडा. थडथड थांबते.

एखादा गोठलाच, तर खालच्याने त्याच्या एक पायरी खाली उभं राहून स्वतः एक हात खोबणीत पक्का ठेवावा, दुसऱ्या हाताने त्याची टाच धरून पायरीवर नेऊन ठेवावी आणि तेवढंच सांगावं: ‘उजवा पाय खाली, अजून चार बोटं, टेकला.’ एका वेळी एकच माणूस बोलेल. वरून चार जणांनी धीर दिला तर त्याला काहीच कळत नाही. ओढू नका, खांद्यावर भार घेऊ नका.

११. अपघात झाला तर

पडलेल्या माणसाला उठवून बसवू नका. मान आणि पाठ हलू देऊ नका, अंगावर जॅकेट घाला. जिन्यावरची हालचाल दोन्हीकडून थांबवा. मदतीचा इशारा म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. रेंज मिळाली तर १०८ किंवा ११२, आणि त्याच वेळी पायथ्याच्या गावात फोन. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक निघण्याआधीच सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा. रेंज नसेल तर दोघांना एकत्र खाली पाठवा, एकट्याला नाही. जागा, वेळ, जखम आणि जखमीचं नाव एका कागदावर लिहून द्या, तोंडी निरोप खाली पोहोचेपर्यंत बदलतो.

१२. खाली आल्यावर

जिन्याच्या तळाशी माणसं मोजा. गावाकडे निघताना पुन्हा घाई होते आणि सोंडेवरच्या मुरमात, थकलेल्या पायांनी घोटे मुरगळतात, तेव्हा काठी आता बाहेर काढा. आणि ज्याच्याकडे घरी गटाची यादी व परतीची वेळ देऊन ठेवली आहे, त्याला गाडीत बसण्याआधी फोन करा, म्हणजे तिकडे कुणी शोधाशोध सुरू करणार नाही.